पोरांना मॅच मिळते, पण शेजारी कोण उभं आहे?

इंग्लंडच्या काउंटी वन डे कपचा, म्हणजे तिथल्या परगण्यांच्या टीमच्या ५० ओव्हरच्या स्पर्धेचा, विषय निघाला की हमखास कुणीतरी म्हणतं, अरे ती बी टीमची स्पर्धा, मेन प्लेयर सगळे हंड्रेड नावाच्या शंभर बॉलच्या लीगमध्ये, इथे उरलेली पोरं खेळतात. मला हे ऐकलं की राग येतो. राग अशासाठी की यातलं अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या जोरावर लोक अख्खी स्पर्धाच मोडीत काढतात, आणि समोरच्या बाजूचे, म्हणजे काउंटीचे कोच आणि बोर्डवाले, ते दरवर्षी 'पोरांना अनुभव मिळतोय' एवढं एकच वाक्य बोलून विषय संपवतात. मला दोघांशीही भांडायचंय. स्पर्धा पोरांची आहे म्हणून ती हलकी नाही, आणि पोरांना अकरात घेतलं म्हणजे त्यांना अनुभव मिळाला असंही नाही.

ज्यांनी हे कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. काउंट्यांची वन डे स्पर्धा १९६३ साली सुरू झाली, जिलेट कप, तेव्हा एका डावाला ६५ ओव्हर असायच्या आणि पहिली फायनल लॉर्ड्सवर ससेक्सने वूस्टरशायरला हरवून जिंकली. पुढे स्पॉन्सर बदलत गेले, ओव्हर कमी होत गेल्या, ६० झाल्या, ५० झाल्या, मध्ये चार वर्षं चक्क ४० ओव्हरचा प्रकार होता, मग २०१४ पासून परत ५०. पण लॉर्ड्सची फायनल हा मोठा दिवस होता, आपल्या काउंटीचे सगळे हिरो त्या दिवशी मैदानात असायचे. तशी शेवटची फायनल २०१९ च्या मे महिन्यात झाली, सॉमरसेटने हॅम्पशायरला हरवलं. २०२० कोरोनात गेलं. आणि २०२१ ला द हंड्रेड सुरू झाली, शहरांच्या आठ टीम, शंभर बॉलचा डाव, शाळेच्या सुट्टीतले दिवस, टीव्हीवर प्राइम टाइम, आणि वन डे कप बरोबर त्याच दिवसांत शेजारी ठेवला गेला. हंड्रेडच्या एकेका टीमला साधारण पंधरा खेळाडू लागतात, परदेशी वजा केले तरी नव्वद-शंभर इंग्लिश खेळाडू एका झटक्यात काउंट्यांमधून उचलले जातात. सरेसारख्या काउंटीचे तर दहाच्या वर. फायनल आता ट्रेंट ब्रिजला होते. १८ काउंट्या, दोन ग्रुप, प्रत्येकाला आठ ग्रुप मॅचेस, आणि ज्या मोठ्या ग्राउंडवर हंड्रेड चालू असते तिथल्या काउंट्या बाहेर गावोगावी खेळतात, सरे गिल्डफर्डला, मिडलसेक्स रॅडलेटला, यॉर्कशायर स्कारबरोला नाहीतर यॉर्कला.

आपल्याकडे दुपारी साडेतीनला मॅच सुरू होते, तिकडे अकरा वाजलेले असतात. काउंट्या यूट्यूबवर फुकट स्ट्रीम करतात, दोन-तीन कॅमेरे, लोकल रेडिओची कॉमेंट्री. मी ऑगस्टमध्ये काम करता करता बाजूला ते लावून ठेवतो आणि तिथेच या पोरांच्या प्रेमात पडलोय.

आधी चांगलं काय झालं ते बोलू, कारण ते खरंच मोठं आहे. २०२१ च्या आधी काउंटीच्या अकॅडमीतला सतरा-अठराचा पोरगा सेकंड इलेव्हनमध्ये, म्हणजे खालच्या टीममध्ये, दोन-दोन तीन-तीन वर्षं काढायचा. वरच्या टीममध्ये जागाच नसायची. एखादा जखमी झाला तर एक मॅच, मग परत खाली. वय बाविशी गाठतं, कॉन्ट्रॅक्ट संपतं, कोणी विचारतही नाही. आणि अचानक २०२१ च्या जुलैमध्ये दारं उघडली. लेस्टरशायरने रेहान अहमद नावाच्या लेग स्पिनरला वन डे कपमध्ये घेतलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. सोळा! दीड वर्षसुद्धा झालं नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये तो कराचीत टेस्ट खेळत होता, अठराव्या वर्षी, इंग्लंडकडून टेस्ट खेळलेला सगळ्यात लहान पुरुष खेळाडू, आणि दुसऱ्या डावात पाच विकेट. त्याच २०२१ च्या स्पर्धेत वॉरिकशायरकडून जेकब बेथेल खेळला, वय १७. हे दोघं काही गुपचूप सापडलेले हिरे नव्हते, हुशार म्हणून सगळ्यांना माहीतच होते, पण माहीत असणं वेगळं आणि मोठ्या माणसांच्या मॅचमध्ये दहा ओव्हर टाकायला मिळणं वेगळं.

लेग स्पिनरचं तर स्पेशली बोललं पाहिजे. इंग्लंडमध्ये काउंटी चॅम्पियनशिपचे, म्हणजे चार दिवसांच्या मॅचेसचे, बरेच राउंड एप्रिल-मेमध्ये उरकतात, पुढचे पार सप्टेंबरमध्ये, थंडी, ओलं गवत, सीमरचं राज्य. कुठला कॅप्टन सोळा वर्षांच्या लेग स्पिनरला एप्रिलमध्ये बॉल देणार? वर्षाचा एकच काळ असा आहे की पिच सुकलेलं असतं, ऊन असतं, बॉल थोडा पकडतो, तो म्हणजे ऑगस्ट, आणि ऑगस्टमध्ये काउंटीची लांब मॅच म्हटली तर बहुतेक करून हा वन डे कपच. म्हणजे स्पिनर घडवायचा असेल तर हीच जागा आहे, दुसरी नाही.

आणि ५० ओव्हरची मॅच जे शिकवते ते टी-ट्वेंटीमध्ये नाहीच शिकता येत, कितीही खेळा. टी-ट्वेंटीत बोलरला चार ओव्हर, त्याही तुकड्या-तुकड्यांनी, एक इथे एक तिथे. ५० ओव्हरमध्ये पोरगा पहिला स्पेल पाच ओव्हरचा टाकतो, मार खातो, मग पंचवीस ओव्हर डीप स्क्वेअर लेगला उन्हात उभा राहतो आणि स्वतःच्या त्या पाच ओव्हरचा विचार करत राहतो, आणि ३७ व्या ओव्हरला कॅप्टन परत बॉल देतो. हा जो मधला वेळ आहे ना, तोच खरा क्लास. बॅट्समनचंही तसंच. ११ ते ४० या ओव्हर्समध्ये पाच फील्डर आतल्या सर्कलमध्ये, सिंगल आहे पण फुकट नाही, बाउंड्री आहे पण रिस्क आहे, तिथे स्ट्राइक फिरवत राहायचं, बोलर कधी थकतोय ते बघायचं, कुठल्या बाजूची बाउंड्री लहान आहे, वारा कुठून कुठे आहे, ही सगळी गणितं तीस ओव्हर डोक्यात चालू ठेवायची. वीस ओव्हरमध्ये हे गणित मांडेपर्यंतच डाव संपतो.

इथपर्यंत मी कोच लोकांच्याच बाजूने बोलतोय. आता माझी तक्रार.

मॅच मिळणं म्हणजे अनुभव मिळणं नव्हे. मी स्वतः पुण्यात क्लबकडून खेळलोय, फार वर नाही, इन्व्हिटेशनच्या मॅचेस, ऑफ स्पिन टाकायचो. सतराव्या वर्षी एका मॅचमध्ये एका डावखुऱ्याने मला दोन ओव्हरमध्ये तीस मारले असतील. मी जोरात टाकायला लागलो, तो आणखी मारायला लागला. मिड ऑफला आमच्यातला एक जुना माणूस उभा होता, चाळिशी गाठलेला, रणजीच्या कॅम्पपर्यंत जाऊन आलेला. तो चालत आला, बॉल माझ्या हातातून घेतला, उगाच पँटला घासत बसला आणि हळूच म्हणाला, 'तू बॉलकडे बघतोयस, त्याच्या पुढच्या पायाकडे बघ, तू सोडायच्या आधीच तो पाय बाजूला काढतोय.' एवढंच. पुढचा बॉल मी त्याच्या पायामागून टाकला, हळू, आणि तो स्टम्प झाला. मी त्या आधी पन्नास मॅचेस खेळलो असेन, पण त्या एका मिनिटात जे कळलं ते त्या पन्नासमध्ये कळलं नव्हतं. मिड ऑफला माझ्याच वयाचा पोरगा असता तर तो म्हणाला असता, 'काही नाही रे, चल, टाक.' प्रेमाने म्हणाला असता, पण मला कळलं काय असतं?

माझं म्हणणं आहे ते हेच. अनुभव हा पोराला एकट्याने मिळत नाही, तो समोरच्याकडून आणि शेजारच्याकडून मिळतो. समोर दर्जा लागतो आणि शेजारी जाणता माणूस लागतो. वन डे कपने पोरांना ग्राउंड दिलं आणि त्याच हाताने हे दोन्ही काढून घेतलं, कारण ज्यांच्याकडून शिकायचं ते सगळे शंभर बॉल खेळायला गेले.

हे शेजारी माणूस असणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर २०२२ चा ससेक्स बघा. ती टीम जवळजवळ अख्खी पोरांची होती, रेग्युलर कॅप्टन टॉम हेन्स जखमी झाला आणि कॅप्टनशिप चेतेश्वर पुजाराकडे आली. आपल्याकडे तेव्हा पुजारा म्हणजे स्लो, वन डे त्याचं काम नाही, असं म्हणणारे गल्लोगल्ली होते. १४ ऑगस्टला होव्हच्या ग्राउंडवर सरेविरुद्ध मॅच, ससेक्सचे ९ वर २ गेले. इथून एकवीस वर्षांचा टॉम क्लार्क आणि पुजारा. दोन विकेट गेल्यावर पुजाराच्या जागी क्लार्कसारखाच दुसरा पोरगा समोर असता तर काय झालं असतं सांगा, एकतर दोघं घाबरून वीस ओव्हर खुडत बसले असते किंवा दोघांनी हवेत मारले असते. इथे दुसऱ्या टोकाला शंभराच्या आसपास टेस्ट खेळलेला माणूस होता. दोघांनी २०५ ची पार्टनरशिप केली, क्लार्कने १०४ काढले, लिस्ट ए, म्हणजे वरच्या दर्जाच्या वन डे मॅचेसमधलं, त्याचं पहिलं शतक, आणि पुजाराने १३१ बॉलमध्ये १७४. ससेक्सने ३७८ केले आणि सरेला २१६ रनने हरवलं. त्या सीझनला पुजाराचे वन डे कपमध्ये ६२४ रन झाले, तीन शतकं, त्याच्यावर आपल्याकडे भरपूर लिहून आलं, आणि यायलाच हवं होतं. पण मला विचाराल तर त्या उन्हाळ्यातली त्याची सगळ्यात मोठी कमाई क्लार्कचं ते शतक आहे. नॉन-स्ट्रायकर एंडला उभं राहून त्या पोराने बघितलं असणार की हा माणूस गॅप कसा बघतो, एक ओव्हर सोडून पुढच्या ओव्हरला कसा टार्गेट करतो, फिफ्टी झाल्यावर बॅट वर करून लगेच परत गार्ड कसा घेतो. कुठल्याही अकॅडमीत हे शिकवता येत नाही.

त्याच २०२२ ची दुसरी गोष्ट केंटची. डॅरेन स्टीव्हन्स तेव्हा ४६ वर्षांचा, केंटने त्याला पुढच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट देणार नाही असं सांगून झालेलं. सेमीफायनल हॅम्पशायरविरुद्ध साउथहॅम्प्टनला, ३०० च्या वर चेस, आणि या माणसाने नाबाद ८४ मारून मॅच काढली. मग ट्रेंट ब्रिजला केंटने लँकेशायरला हरवून कप घेतला. मी ती सेमीफायनल शेवटपर्यंत बघितली. मनात एकच येत होतं की केंटच्या ड्रेसिंग रूममध्ये त्या दिवशी जे एकोणीस-वीसचे पोरगे बसले होते त्यांना चेस म्हणजे काय ते आयुष्यभरासाठी समजलं असेल.

आता उलटी बाजू. ऑगस्ट २०२३, नॉर्थम्प्टन, आपल्या विरारचा पृथ्वी शॉ सॉमरसेटविरुद्ध १५३ बॉलमध्ये २४४ मारतो. २८ चौकार, ११ सिक्स. २०१४ पासूनच्या वन डे कपमधला तोपर्यंतचा सगळ्यात मोठा स्कोर. मी तो डाव बघताना खुर्चीत बसू शकत नव्हतो, इतका आनंद झाला होता, कारण पृथ्वीच्या मागे जे काही चाललं होतं त्यात त्याला हे हवंच होतं. पुढच्या काही दिवसांत डरहमविरुद्ध नाबाद १२५ मारले आणि त्याच मॅचमध्ये गुडघा दुखावून सीझन संपला, तेही वाईट. पण रात्री उशिरा हायलाइट परत बघताना माझं लक्ष बोलरकडे गेलं. तरुण पोरं. एक जण शॉर्ट टाकतोय, सिक्स, परत शॉर्ट, चौकार, मग फुल, सिक्स. खांदे पडलेले. मार खाण्यातूनही शिकता येतं, मी त्याच्या विरुद्ध नाही, पण मार खाताना कोणीतरी येऊन सांगायला लागतं की अरे तो बॅक फूटवर वाट बघतोय, वाइड यॉर्कर टाक, फील्ड मी बघतो. नाहीतर पोरगा मार खाऊन एवढंच शिकतो की आपण भंगार आहोत. आणि हे एकदा डोक्यात बसलं की काढायला दोन सीझन जातात.

कोणी म्हणेल, मग २०२३ च्या फायनलचं काय? लेस्टरशायर विरुद्ध हॅम्पशायर. लेस्टरच्या सहा विकेट शंभराच्या आत गेल्या होत्या, आणि विकेटकीपर हॅरी स्विंडेल्स, जो टीममध्ये आलाच होता पीटर हँड्सकॉम्ब परत गेल्यामुळे, त्याने नाबाद ११७ मारले, सॅम एव्हन्सने साथ दिली, २६७ झाले. शेवटच्या ओव्हरला हॅम्पशायरला ८ हवे होते. बॉल कोणाकडे? जॉश हलकडे, वय १९, लांबलचक डावखुरा फास्ट बोलर. आणि समोर लियाम डॉसन, इंग्लंडकडून खेळलेला, थंड डोक्याचा. हलने डॉसनची विकेट काढली, पाच रन दिले, लेस्टर २ रनने जिंकली, १९८५ नंतर त्यांची पहिली वन डे ट्रॉफी. पुढच्या सप्टेंबरमध्ये हल ओव्हलवर श्रीलंकेविरुद्ध टेस्ट खेळला. मग पोरांनी पोरांच्या जिवावर कप जिंकला की नाही?

जिंकला, आणि मला त्या ओव्हरचं कौतुक कायम राहील. पण ती ओव्हर एवढी मोलाची का ठरली ते बघा ना. समोर डॉसन होता म्हणून. समोर हलसारखाच दुसरा एकोणीस वर्षांचा पोरगा असता तर ती ओव्हर एका छान मॅचचा शेवट ठरली असती, बाकी काही नाही. ज्याने दहा वर्षं असे आठ रन काढलेत त्या माणसाला त्याने थांबवलं, म्हणून सिलेक्टरनेसुद्धा त्या ओव्हरकडे वेगळ्या नजरेने बघितलं असणार. माझा मुद्दा या उदाहरणाने पडत नाही, उलट पक्का होतो.

दुसरा एक युक्तिवाद आहे जो मला जास्त अवघड वाटतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. लोक म्हणतात, ५० ओव्हरची डोमेस्टिक स्पर्धा एवढी महत्त्वाची असेल तर बेथेलचं काय? त्याने सप्टेंबर २०२५ मध्ये साउथहॅम्प्टनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वन डेत ११० मारले आणि ते त्याचं प्रोफेशनल क्रिकेटमधलं पहिलं शतक होतं, म्हणजे काउंटीकडून एकही शतक नसताना थेट इंग्लंडकडून. आणि २०१९ चा वर्ल्ड कप जिंकलेली जी टीम, त्यातले कितीतरी जण काउंटीत ४० ओव्हरची स्पर्धा खेळत मोठे झाले होते, ५० ची नाही. तेव्हा फॉरमॅटचा बाऊ कशाला? हे बरोबर आहे, मी मान्य करतो. इंग्लंड २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये ९ पैकी ६ मॅचेस हरून सातवं आलं आणि २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत तिन्ही मॅचेस हरलं, त्याचं सगळं खापर वन डे कपवर फोडणं चूक आहे, त्याला दहा कारणं आहेत. पण २०१९ वाल्यांकडे एक गोष्ट होती जी आत्ताच्यांकडे नाही. त्यांनी ४० ओव्हर का होईना, काउंटीच्या फुल टीमसोबत आणि फुल टीमविरुद्ध खेळल्या. समोर बोलिंग टाकणारा टेस्टवाला असायचा, शेजारी बॅटिंग करणारा परदेशातून आलेला कोणीतरी दिग्गज असायचा. ओव्हर दहा कमी-जास्त झाल्याने बिघडत नाही, माणसं कमी झाली की बिघडतं. आणि बेथेल हा बेथेल आहे. सिस्टिम त्याच्यासाठी नसतेच, तो सिस्टिमशिवायही वर आला असता. सिस्टिम असते ती त्याच्या खालच्या वीस जणांसाठी, ज्यांच्यात टॅलेंट आहे पण ज्यांना कोणीतरी दाखवून द्यावं लागतं.

आपल्या मुंबईला हे फार आधी कळलं होतं. कांगा लीग १९४८ पासून चालू आहे, पावसात, चिखलात, आणि तिथे क्लबकडून शाळेतला पोरगा आणि टेस्ट प्लेयर एकाच टीममध्ये किंवा समोरासमोर खेळायचे. मुंबईची बॅटिंग खडूस झाली ती पिचमुळे, हे सगळे सांगतात. मला वाटतं ती खडूस झाली ती स्लिपमध्ये उभ्या असलेल्या मोठ्या माणसांमुळेसुद्धा, जे पोराला चुकू द्यायचे पण चूक सोडून द्यायचे नाहीत. आणि अगदी अलीकडचं बघायचं तर २०२५ च्या डिसेंबरमध्ये विजय हजारे ट्रॉफी, आपली राज्यांची ५० ओव्हरची स्पर्धा. बोर्डाने मोठ्या खेळाडूंना डोमेस्टिक खेळा म्हणून सांगितलं, २४ डिसेंबरला जयपूरमध्ये रोहित शर्मा मुंबईकडून सिक्कीमविरुद्ध १५५ मारतोय, त्याच दिवशी विराट दिल्लीकडून १३१. लोकांनी रोहितच्या सिक्स बघितल्या. मी सिक्कीमच्या बोलरकडे बघत होतो, त्यांच्या आयुष्यातला तो दिवस, आणि मुंबईच्या डगआउटमधल्या पोरांकडे. दोन मॅचेस खेळून रोहित गेला, पण ती दोन मॅचेसची शिदोरी त्या पोरांकडे राहिली. इंग्लंडमध्ये हे उलटं झालंय, तिथे बोर्डच मोठ्यांना डोमेस्टिकमधून बाहेर काढून दुसरीकडे नेतं.

आणि यात आता आपलाही हात आहे. २०२५ मध्ये हंड्रेडच्या टीमचे हिस्से विकले गेले, ओव्हलच्या टीममध्ये मुंबई इंडियन्सवाले आले, लीड्सची टीम सनरायझर्सवाल्यांनी पूर्ण घेतली, मँचेस्टरमध्ये लखनऊवाले. विक्रीतला बराच पैसा काउंट्यांनाच मिळाला हे खरं आणि कित्येक काउंट्यांची कर्जं त्यामुळे फिटतील, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण एवढा पैसा घालणारे लोक ऑगस्ट महिना सोडणार नाहीत हेही तेवढंच खरं. म्हणून हंड्रेड हलवा, वन डे कपला परत मे महिना द्या, अशी मागणी करण्यात मला आता अर्थ दिसत नाही. ती वेळ गेली. जे आहे त्यात शिकवणारा माणूस कसा परत आणायचा यावर बोलू.

परदेशी खेळाडूची जागा ही सगळ्यात सोपी. काउंटी बऱ्याचदा दोन-चार मॅचेससाठी कोणालातरी आणते, तो येतो, चाळीस रन करतो, जातो. त्याऐवजी आठही मॅचेस राहील असाच माणूस आणावा, आणि शक्यतो असा जो बोलतो, पोरांबरोबर नेटमध्ये थांबतो. २०२४ मध्ये डोंबिवलीत वाढलेला आपला अजिंक्य रहाणे लेस्टरशायरकडून हीच स्पर्धा खेळला. रहाणेसारखा माणूस त्या पोरांच्या टीममध्ये नुसता स्लिपमध्ये उभा राहिला तरी पोरांचा फायदा आहे. २०२५ ला ऋतुराज गायकवाड यॉर्कशायरकडून खेळणार होता, वैयक्तिक कारणामुळे जाऊ शकला नाही, आणि मला फार हळहळ वाटली, एक पुणेकर म्हणून वाटलीच, पण त्याहून जास्त यॉर्कशायरच्या पोरांसाठी. ज्याने विजय हजारेच्या क्वार्टर फायनलमध्ये नाबाद २२० मारलेत, एका ओव्हरमध्ये सात सिक्स मारलेत आणि तरी ज्याचा डाव सुरुवातीला इतका शांत दिसतो, त्याला दुसऱ्या टोकावरून बघणं म्हणजे काय असतं ते कोणत्याही अठरा वर्षांच्या ओपनरला विचारा.

दुसरं, काउंट्या बत्तीस-तेहतीस ओलांडलेल्या, इंग्लंडसाठी आता न लागणाऱ्या, हंड्रेडमध्ये न घेतलेल्या खेळाडूंना सोडून देतात. पगार वाचतो. मान्य. पण अशा दोन जणांना फक्त या दोन महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट द्यायला काय जातं? एक बॅट्समन, एक बोलर. पूर्ण सीझन नको, फोर डे नको, फक्त वन डे कप. स्टीव्हन्सने ४६ व्या वर्षी दाखवून दिलं की हे लोक दया म्हणून ठेवायचे नसतात, ते मॅच जिंकून देतात. आणि बोर्डाने यासाठी पैसे वेगळे बाजूला काढावेत, हंड्रेडच्या विक्रीतून आलेल्या पैशातला अगदी छोटा हिस्सा पुरेल, कारण छोट्या काउंटीला बजेट दिलं नाही तर ती पहिल्यांदा इथेच कात्री लावणार.

नॉकआउटचं मात्र काळजीपूर्वक करायला हवं. हंड्रेड संपली की मोठे परत येतात, आणि सेमीफायनल-फायनलला ज्या पोराने आठ मॅचेस खेळून टीमला तिथपर्यंत आणलं त्यालाच बाहेर बसवायचा मोह कोचला होतो. मला वाटतं इथे नियमच हवा, परत आलेल्यांपैकी दोनच अकरात येऊ शकतील, बाकी ग्रुप स्टेज खेळलेलेच. म्हणजे फायनलला दर्जाही येतो, शेजारी जाणता माणूसही येतो आणि पोराची जागाही जात नाही. काही कोच चिडतील, चिडू दे. ट्रेंट ब्रिजची भरलेली फायनल एकोणीसाव्या वर्षी खेळायला मिळणं ही त्या पोराची कमाई आहे, ती कुणाला उसनी देता येत नाही.

आणि शक्य झालं तर ग्रुपमधले पहिले दोन राउंड हंड्रेड सुरू व्हायच्या आधी घ्यावेत, सगळे असताना. दोनच. त्या दोन मॅचेसमध्ये पोरगा बारावा म्हणून पाणी नेत असेल तरी चालेल, मीटिंगमध्ये बसेल, नेटमध्ये टेस्ट बोलरला बॉल टाकताना बघेल, मग तिसऱ्या मॅचला त्याच्यावर जबाबदारी आली की त्याच्या डोक्यात एक नमुना असेल, हे असं करतात.

येत्या ऑगस्टला पहिली मॅच लागली की मी टॉसच्या वेळीच टीम शीट उघडणार. पोरं किती आहेत ते मोजणार नाही, ती असतीलच आणि असायलाच हवीत. मी तिशीच्या वरची नावं शोधणार. दोन सापडली तर खुर्ची ओढून साडेतीन ते रात्री साडेदहा बघत बसणार, आणि ३७ व्या ओव्हरला जेव्हा अठराच्या पोराकडे दुसऱ्या स्पेलसाठी बॉल जाईल तेव्हा बघणार की मिड ऑफवरून कोणी चालत येतंय का.